दोनशे बारा पाणटिवळे

२४ नोव्हेंबर

साडूबुवा,

नमस्कार लिहावा असं सध्या आपल्यात काही उरलेलं नाही, आणि वर काहीतरी लिहिल्याशिवाय पत्र सुरू होत नाही. म्हणून साडूबुवा. तेवढं नातं तरी तुम्हाला मोडता येणार नाही, कारण ते आपल्या हातात कधी नव्हतंच. ते दोन बहिणींच्या हातात आहे, आणि त्या दोघी रोज सकाळी तासभर फोनवर बोलतात.

कामाचं बोलतो. खाडीच्या तोंडाशी आपल्या बांधावरची पक्षीमोजणी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आहे. भरती दहा चाळीसला. मोजणीच्या बाईंचा कागद आला आहे आणि त्यात त्यांनी एका ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे: सलग तीन हिवाळे मोजणी झाली नाही तर जागा यादीतून वगळली जाईल. दोन हिवाळे कोरे गेले. हा तिसरा. जागा यादीतून गेली की बंदरातला उपसलेला गाळ त्या चिखलावर ओतायला कुणाला कुणाची परवानगी लागणार नाही. मागच्या आठवड्यात चार माणसं मोजायची फीत घेऊन बांधावर फिरून गेली. मी विचारलं, तर म्हणाले, "सहज." फीत घेऊन कुणी सहज फिरतं का हो?

कागदावर दोन सह्या लागतात, पाहणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची. तुम्ही डोक्यात राख घालून निघून गेल्यावर मी काखा वर करून बसलो नाही, हे तुमच्या कानावर असेलच. पहिल्या वर्षी आपल्या पक्षीमंडळातल्या त्या टोपीवाल्याला घेऊन गेलो. तो बांधावरून घसरला आणि कमरेपर्यंत चिखलात गेला. त्याला बाहेर ओढेपर्यंत भरती उतरली आणि पक्षी पांगले. दुसऱ्या वर्षी थोरलीला नेलं. तिने सगळं शहाण्यासारखं लिहून घेतलं आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात पुस्ती जोडली, 'मला एकही पक्षी ओळखता येत नाही. मी चहा दिला.' बाईंनी कागद परत पाठवला. आता सांगा, बायको प्रामाणिक निघाली म्हणून भांडू कुणाशी?

तेव्हा या. तुमची पेन्सिल माझ्याकडेच आहे, वहीला दोऱ्याने बांधलेली. तीही घेऊन जा.

— तुमचा साडू

ता. क. अक्षर मोठं काढलं आहे, ते तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून.


३ डिसेंबर

साडूबुवा,

उत्तर नाही. मात्र धाकटीने थोरलीला सांगितलं की तुम्ही पत्र दोनदा वाचलंत आणि घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलंत. डबी माझ्याच दुकानातली आहे, हे लक्षात असू द्या.

तुम्ही मूग गिळून बसणार असाल तर मलाच सगळं उगाळावं लागणार. तीन वर्षांपूर्वी काय झालं ते एकदा कागदावर येऊ द्या, म्हणजे धाकटीला तुम्ही जे काही सांगितलं असेल त्याच्या शेजारी हे ठेवता येईल.

सोळा वर्षं आपण एकत्र मोजलं. नियम पहिल्या दिवशी ठरला होता. मी दुर्बिणीला डोळा लावून बोलायचं आणि तुम्ही माझ्या डाव्या बाजूला उभं राहून लिहायचं. पाहणारा लिहीत नाही आणि लिहिणारा बोलत नाही. लिहिणाऱ्याने मध्येच तोंड घातलं की आकडा चुकतो. तुम्ही बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवलीत. खालचा माणूस हात करतो आणि वरचा तसंच करतो, हे तुम्हाला मी शिकवायला नको. सोळा वर्षांत तुम्ही एकदाही मान वर केली नाहीत. मला वाटायचं, माझा साडू म्हणजे काय माणूस आहे.

आणि सतराव्या वर्षी? मी बोललो, 'काळ्या शेपटीचे पाणटिवळे, दोनशे बारा.' दुपारी ग्रंथालयाच्या खोलीत बाईंनी आपला कागद सगळ्यांसमोर वाचला: 'पट्टेरी शेपटीचे पाणटिवळे, दोनशे बारा.' मी उडालोच. मी एक बोललो आणि तुम्ही दुसरंच लिहिलंत!

दोन पाणटिवळ्यांतला फरक तुम्हाला कळत नाही असं मी म्हणत नाही, कारण तो मीच तुम्हाला शिकवला. तरी पुन्हा सांगतो. हिवाळ्यात दोघेही राखी-करडे, दोघांचीही चोच लांब आणि बुडाशी गुलाबी. काळ्या शेपटीवाल्याची पाठ एका हाताने रंग दिल्यासारखी सपाट. पट्टेरीच्या पाठीवर काड्या काड्या. काळ्या शेपटीवाल्याची चोच सरळ, पट्टेरीची टोकाकडे जराशी वर उचललेली. काळ्या शेपटीवाल्याचे पाय गुडघ्याच्या वर जास्त लांब. पण भरतीच्या वेळी ते एका पायावर उभे राहून चोच पाठीत खुपसून झोपतात, तेव्हा यातलं काय डोंबल दिसणार? म्हणून उडायची वाट पाहायची. उडाला की काळ्या शेपटीवाल्याच्या पंखावर पांढरा शुभ्र रुंद पट्टा उघडतो. पट्टेरीच्या पंखावर तो नाही. संपलं. लहान पोरालाही कळेल.

त्या दिवशी घार आली, सगळा थवा उडाला आणि मी मोठ्याने म्हणालो, 'पांढरा पट्टा!' तुम्ही ऐकलंत. शेजारी उभे होतात.

म्हणून ग्रंथालयात मी उभा राहिलो आणि ती लिहिण्यातली चूक आहे असं सांगितलं. बाईंनी खोडून दुरुस्त केलं. एवढंच झालं. त्यावर तुम्ही पेन्सिल टेबलावर ठेवलीत, धाकटीला 'चल' म्हणालात आणि गेलात. तीन वर्षं! एका पक्ष्याच्या शेपटीवरून माणूस तीन वर्षं रुसतो, हे मी दुकानात कुणाला सांगू शकत नाही. ऐकणारे हसतील.

— साडू


१५ डिसेंबर

साडूबुवा,

काल सराव म्हणून बांधावर गेलो. एकट्याने. म्हणजे थोरली होती, पण ती खुर्ची टाकून विणत बसली होती.

एकट्याने मोजणं हा छळ आहे. डोळा लावा, मोजा, आकडा तोंडात धरा, वही काढा, लिहा, आणि पुन्हा मान वर करा, तोवर पक्ष्यांनी जागा बदललेली. मी तीन वेळा मोजलं आणि तीन वेगळे आकडे आले. चौथ्यांदा मोठ्याने बोललो, 'चिखले, चाळीस', आणि डावीकडे वळून पाहिलं. डावीकडे कोण असणार? थोरली म्हणाली, "कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, "वाऱ्याशी."

शिवाय धुकं होतं. काच पुसली, पुन्हा पुसली, रुमाल बदलून पुसली. थोरली म्हणते, "कसलं धुकं? मला पलीकडच्या काठावरची बोट दिसतेय, तिच्यावरची दोरीसुद्धा." तिला दूरचं आधीपासूनच चांगलं दिसतं. ती गोष्ट वेगळी.

परतताना मोजणीच्या बाई भेटल्या. त्यांनी न विचारता जुनी गोष्ट काढली. म्हणाल्या, "ते दोनशे बारा जर खरंच पट्टेरी असते ना, तर या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा थवा ठरला असता. फीतवाले बांधाच्या जवळपासही फिरकले नसते." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण तुम्ही पट्टा पाहिलात म्हणाला होतात." मी म्हटलं, "हो." त्यांच्या 'पण'मध्ये काहीतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं. माणसं आता एका अक्षरातही टोमणा मारायला लागली आहेत.

दुकानातही सुख नाही. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डाव्याचं भिंग उजवीकडे बसलं. ते गृहस्थ जिन्यावर धडपडले आणि परत येऊन मला चार माणसांत वाट्टेल ते बोलले. भिंगं हल्ली फार निसरडी येतात.

तुम्ही येणार की नाही, एवढं तरी कळवा. हो म्हणा, नाही म्हणा. भिंतीशी बोलून घसा बसला माझा.

— साडू


२२ डिसेंबर

साडूबुवा,

तुमचं कार्ड मिळालं.

तीन वर्षांनी माणूस कार्ड पाठवतो आणि त्यावर एकच ओळ! तब्येत नाही, धाकटी नाही, घर नाही, दार नाही. 'पांढरा पट्टा कोणत्या डोळ्याने पाहिलात?'

हा काय प्रश्न झाला? उजव्या! दुर्बिणीला मी उजवाच डोळा लावतो, सोळा वर्षं तुम्ही शेजारून बघत होतात. कोणत्या डोळ्याने! उद्या विचाराल, कोणत्या कानाने ऐकलंत, कोणत्या पायावर उभे होतात.

थोरलीने फोनवर काही सांगितलंय का? मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "मी काय सांगणार? तुम्ही कपाच्या बाहेर चहा ओतता तेवढंच सांगितलं." कप हलका आहे म्हणून सरकतो. ते घरातलं आहे, त्याचा पाणटिवळ्यांशी काय संबंध?

मी उत्तर द्यायला बांधलेला नाही. कार्ड मी फाडून टाकलं आहे.

— साडू

ता. क. फाडलेलं नाही. पण फाडणार आहे.


४ जानेवारी

साडूबुवा,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन थोरलीने चुलीत घातली. म्हणाली, "यातही तुम्ही भांडताच आहात."

परवा तिने मला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चाळीस वर्षं मी लोकांना त्यांच्याकडे पाठवतो. स्वतः कधी त्या खुर्चीत बसलो नव्हतो. त्यांनी डावा डोळा झाकला आणि अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितलं. तो तक्ता मला पाठ आहे, साडूबुवा. माझ्या दुकानात तोच टांगलेला आहे. मी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. त्यांनी उठून तक्ता उलटा टांगला आणि म्हणाले, "आता वाचा."

मला तक्ता कुठे आहे तेच दिसेना.

मोतीबिंदू. पिकलेला. डॉक्टर म्हणाले, "हा कालपरवाचा नाही. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. तुमच्या लक्षात कसं आलं नाही? तुम्ही तर चष्मेवाले!" थोरली भिंतीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, ही हसते आहे. मग पाहिलं तर तिचे डोळे भरले होते.

पाच-सहा वर्षं. म्हणजे तुम्हीही हिशेब केलाच असेल.

लक्षात आलं होतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, थोरलीलाही नाही. त्या वर्षी बांधावर मी दुर्बिणीला डोळा लावला आणि आत सगळं दुधाळ होतं. ठिपके दिसत होते, ते मोजता आले. दोनशे बारा हा आकडा खरा आहे, त्याची शपथ घेतो. पण ते कोणते, काही दिसलं नाही. दरवर्षी तिथे काळ्या शेपटीचेच असतात, म्हणून मी काळ्या शेपटीचे म्हणालो. मग घार आली, ते उडाले, आणि माझ्यासमोरून नुसतं काहीतरी करडं सरकून गेलं. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण तुम्ही शेजारी थांबून होतात, पेन्सिल कागदावर टेकवून. ज्याच्या दुकानावर हातभर मोठा डोळा रंगवलेला आहे त्याने 'दिसलं नाही' म्हणायचं? माझ्या तोंडातून निघून गेलं, 'पांढरा पट्टा!'

पट्टा मी पाहिला नाही. तुम्ही पाहिलंत की तो नाहीच. तुम्हाला दुर्बीण लागत नाही. पन्नास हात उंचावरून तुम्ही खालच्या पेटीची कडी बघत होतात. तुम्ही नियम मोडला नाहीत, बोलला नाहीत. जे खरं होतं ते लिहिलंत. मी तीन वर्षं नियमाच्या मागे लपून बसलो, कारण दुसरीकडे लपायला जागाच नव्हती.

आणि दुसऱ्या पत्रात मी लिहिलं की 'एवढंच झालं'. तेवढंच झालं नव्हतं. ग्रंथालयात मी उभा राहून काय म्हणालो ते तुम्हाला आठवतं आणि मलाही आठवतं. "आमचे साडू क्रेनवाले. त्यांना खालचं दिसतं, वरचं दिसत नाही." सगळे हसले. टोपीवाला तर टेबलावर हात आपटून हसला. एकतीस वर्षांत तुमच्या क्रेनखाली एकाही माणसाला ओरखडा आला नाही, आणि त्या माणसाच्या नजरेवर मी भरल्या खोलीत लोकांना हसवलं. का, तर माझी गेली होती म्हणून. धाकटी तेव्हा तुमच्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला डाव्या डोळ्याने नीट दिसला.

तुम्ही पक्ष्याच्या शेपटीवरून रुसला नव्हता, हे मला त्याच दुपारी कळलं होतं.

मला माफ करा असं लिहायचं होतं. लिहिलं.

तुमच्यावर अजून एक राग आहे, तोही सांगून टाकतो. तुम्हाला माहीत होतं ना? माझ्या डोळ्याचं? शेजारी उभं राहून सोळा वर्षं माणूस बघत असेल तर त्याला कळतंच. मग त्या खोलीत उभं राहून का नाही म्हणालात, "याला दिसत नाही"? तुमच्यावर हसणारे माझ्यावर हसले असते. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि माझं दुकान वाचवलंत. असली मदत कुणी मागितली होती तुमच्याकडे?

— साडू


११ जानेवारी

साडूबुवा,

थोडक्यात लिहितो. थोरली पत्र टाकायला निघाली आहे आणि चपला घालून दारात उभी आहे.

मोजणीच्या बाईंना काल लेखी कळवलं: तीन वर्षांपूर्वीचे दोनशे बारा पाणटिवळे पट्टेरी शेपटीचे होते, लिहिणाऱ्याची नोंद बरोबर होती, पाहणाऱ्याला दिसत नव्हतं. खाली सही केली. त्यांनी विचारलं, "हे मंडळात वाचू का?" मी म्हटलं, "त्याच खोलीत वाचा, आणि टोपीवाला आल्याशिवाय सुरू करू नका." त्या म्हणाल्या, जुनी नोंद तीन वर्षांनी एकाच्या शब्दावर बदलता येत नाही. पण या वर्षी थवा पुन्हा तिथे दिसला, दोन सह्यांनिशी नोंदला गेला, तर जुनी नोंदही उघडता येईल आणि जागाही राहील. म्हणजे घोडं पुन्हा तुमच्यापाशीच अडलंय. मी तरी काय करू?

दुकानातल्या तक्त्याची जागा बदलली. गिऱ्हाइकांचे डोळे तपासायला आता डॉक्टरांकडची एक बाई येऊन बसते. मी फक्त दांड्या वाकवतो आणि कुरकुर करतो. ऑपरेशन मोजणीच्या दुसऱ्या दिवशी आहे. डॉक्टर म्हणाले आधी करू. मी म्हटलं, रविवारी मला काम आहे.

काम काय, ते सांगतो. डाव्या डोळ्याने मला हातभर अंतरावरचं स्वच्छ दिसतं. वही दिसते. अक्षर ओळीत येतं, हे पत्र बघा. दुर्बीण बांधावर तुमच्या उंचीला लावून ठेवीन; लागली तर वापरा, नाहीतर थोरली तिच्यावर लोकर टांगेल. चहा ती देणार आहे आणि या वेळी कशावरही सही करणार नाही असं तिने कबूल केलं आहे. धाकटीलाही आणा. नाहीतर त्या दोघी बांधावरूनही फोनवर बोलत बसतील.

मी तुमच्या डाव्या बाजूला उभा राहीन. घार आली आणि थवा उडाला तरी मान वर करणार नाही. पट्टा आहे की नाही ते तुम्ही सांगायचं.

पहिल्या पत्रात पेन्सिल घेऊन जा म्हणालो होतो, ते विसरा. पेन्सिल मी देणार नाही. कागदावर लिहिणाऱ्याच्या जागी माझी सही करून झाली आहे. वरची जागा रिकामी आहे.

भरती दहा चाळीसला. तुम्ही बोला, मी लिहितो.

— तुमचा साडू